भाड्याने देण्यासाठी पुण्यात फ्लॅट घेताय? भाग असा पारखा

२०१७ च्या दिवाळीआधी आम्ही वाकडच्या पुढे एक टू बीएचके बुक केला. स्वतः राहायला नव्हे, भाड्याने द्यायला. एजंटने रविवारी सकाळी अकराला साइटवर नेलं होतं. तिथून हिंजवडी फेज वनपर्यंत गाडीने बारा मिनिटं लागली, मी स्वतः घड्याळात बघितलं होतं. २०१९ च्या फेब्रुवारीत पहिला भाडेकरू आला आणि जूनमध्ये घर सोडून गेला. चावी परत देताना म्हणाला, "मॅडम, घर छान आहे, पण सकाळी ऑफिसला पोचायला पाऊण तास जातो आणि मे महिन्यात दोनदा अंघोळीला पाणी नव्हतं." त्यानंतर घर तीन महिने रिकामं पडलं. हप्ता मात्र दर महिन्याच्या पाच तारखेला जात होता.

दुसरं घर २०२१ मध्ये घेतलं. कर्वेनगरात, जुन्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, वन बीएचके. नातेवाइकांनी नाकं मुरडली. पण आजवर तीन भाडेकरू बदलले आणि सगळे मिळून ते घर एक महिनाही रिकामं राहिलेलं नाही.

दोन्ही वेळा फ्लॅट मीच निवडला होता. पहिल्या वेळी मी मालकिणीच्या नजरेने बघितला, दुसऱ्या वेळी तिथे राहणाऱ्याच्या. पहिलं घर घ्यायच्या आधी मला हे कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, म्हणून सविस्तर लिहिते आहे. उदाहरणं सगळी पुणे आणि पिंपरी-चिंचवडची आहेत. तुम्ही नाशिक किंवा नागपुरात घेत असाल तर नावं बदलतील, तपासायची रीत तीच राहील.

१. आधी भाडेकरू ठरवा, भाग नंतर

"पुण्यात कुठे घेऊ?" या प्रश्नाला उत्तरच नसतं. "कोणाला भाड्याने देणार?" हे ठरलं की निम्मं शहर आपोआप गळून पडतं.

पुण्यात भाड्याने राहणाऱ्यांचे ढोबळमानाने पाच गट आहेत. पहिला आयटीवाल्यांचा. हिंजवडीत काम करणारे वाकड, ताथवडे, पुनावळे, बालेवाडी, बाणेर इथे राहतात. खराडीच्या आयटी पार्कमधले खराडी, चंदननगर, वडगाव शेरी, विमाननगर आणि बजेट कमी असेल तर वाघोलीत. मगरपट्ट्यातले हडपसरच्या आसपास. दुसरा गट कॉलेजच्या मुलामुलींचा: कर्वेनगर, कोथरूड, आंबेगाव, नऱ्हे, धनकवडी, विमाननगर. तिसरा स्पर्धा परीक्षावाल्यांचा. ही मुलं सदाशिव, नारायण, शनिवार या पेठांमध्ये अभ्यासिकेपासून चालत जाता येईल अशा ठिकाणीच राहतात, बहुतेक कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतल्या एका खाटेपुरतं भाडं देऊन. चौथा गट चाकण आणि भोसरीच्या कारखान्यांतल्या सुपरवायझर, इंजिनिअर लोकांचा. त्यांची पसंती मोशी, चिखली, इंद्रायणीनगर. आणि पाचवा, शाळकरी मुलं असलेली कुटुंबं. ती कोथरूड, औंध, सहकारनगर, निगडी प्राधिकरण अशा जुन्या, स्थिरावलेल्या भागांत घर शोधतात आणि मुलाची दहावी होईपर्यंत सहसा हलत नाहीत.

प्रत्येकाची गरज वेगळी. कर्वेनगरचं घर बघायला तीन मुली आल्या होत्या. बाथरूमच्या टाइल्स, किचनचा ओटा, गॅलरीतला व्ह्यू, यातलं काहीच त्यांनी विचारलं नाही. पहिला प्रश्न आला, "काकू, इथे डबा कुठे मिळतो?" दुसरा, "रात्री नऊनंतर या गल्लीत दिवे असतात का?" तिसरा वायफायचा. मी त्यांच्याबरोबर खाली उतरून कोपऱ्यावरच्या पोळीभाजी केंद्रापर्यंत चालत गेले. दोनशे पावलं. परत येईपर्यंत त्यांचं ठरलं होतं.

खराडीत राहू पाहणारं जोडपं हे विचारणार नाही. दोघं नोकरीला जाणारे आणि घरात दोन वर्षांचं मूल असेल तर पाळणाघर किती लांब, स्वयंपाकाला बाई मिळते का, लिफ्टला जनरेटर बॅकअप आहे का, हे विचारतील. तेव्हा कागदावर लिहून काढा: माझा भाडेकरू कोण, तो सकाळी कुठे जातो, कशाने जातो, संध्याकाळी परतताना त्याला काय लागतं. हा कागद पुढच्या प्रत्येक पायरीला हाताशी ठेवा.

कॉट बेसिसबद्दल एक सांगते. एका खोलीत चार कॉट टाकले की भाडं जास्त येतं हे खरं. पण नळ, कमोड, दारं, रंग यांची झीज कितीतरी वेगाने होते, आणि सोसायटीच्या तक्रारी ऐकायला मालकालाच जावं लागतं. तुम्ही पुण्यात राहत नसाल तर या वाटेला जाऊ नका.

२. भाग एकाच खांबावर उभा आहे का ते बघा

२०२० च्या उन्हाळ्यात आयटीवाले घरून काम करू लागले आणि गावी गेले. ज्या भागात भाडेकरू म्हणजे फक्त आयटीवाले होते, तिथे इमारतीच्या इमारती अर्ध्या रिकाम्या झाल्या. आमच्या वाकडपुढच्या सोसायटीत भाडं पाच हजारांनी उतरवूनही कोणी येईना. एकाच कॉलेजच्या जिवावर चालणाऱ्या भागांचंही तेच झालं.

म्हणून भागाला किमान दोन वेगळे आधार हवेत. विमाननगरला विमानतळ, कॉलेजं आणि ऑफिसं तिन्ही आहेत. कोथरूड-कर्वेनगरला कॉलेजं आहेत, दवाखाने आहेत, वनाजपासून मेट्रो आहे आणि पिढ्यान्पिढ्या राहणारी कुटुंबं आहेत. जिथे आयटी पार्क सोडला तर बाकी नुसती शेतं आणि होर्डिंगं दिसतात, तिथे भाव कितीही आकर्षक असला तरी हात आखडता घ्या.

३. सोमवारी सकाळी पावणेनऊला तिथे उभे राहा

घर बघायला रविवारी जाऊ नका. गेलात तर सोमवारी पुन्हा जा. इमारतीच्या गेटपासून सकाळी पावणेनऊला निघा आणि तुमच्या भाडेकरूच्या ऑफिसच्या किंवा कॉलेजच्या दारापर्यंत जा. तो दुचाकीने जाणार असेल तर दुचाकीने, पीएमपीच्या बसने जाणार असेल तर बसने. संध्याकाळी साडेसहाला उलटा प्रवास करा. जमल्यास जुलैमधल्या एखाद्या पावसाळी दिवशी. वाकडहून हिंजवडीला जाताना भूमकर चौकात किती वेळ जातो ते अनुभवल्याशिवाय कळत नाही. नकाशावर ते अंतर बोटभर दिसतं.

मेट्रोबद्दल माझा नियम सरळ आहे: ज्या स्टेशनवर आज तिकीट काढून गाडीत बसता येतं, तेवढंच धरायचं. पिंपरी-चिंचवड ते स्वारगेट आणि वनाज ते रामवाडी या मार्गांचा फायदा भाडेकरूला आज मिळतो, आणि स्टेशनपासून दहा मिनिटांत चालत पोचता येणारं घर लवकर लागतं. याउलट आम्ही घर घेत होतो तेव्हा प्रत्येक एजंटच्या तोंडी हिंजवडी–शिवाजीनगर मेट्रो होती. तिचं भूमिपूजन डिसेंबर २०१८ मध्ये झालं आणि प्रत्यक्ष काम सुरू व्हायला आणखी जवळजवळ तीन वर्षं गेली. या काळात आमचा भाडेकरू पाऊण तासच मोजत होता. येणाऱ्या मेट्रोचे पैसे आज मोजू नका.

चालत जायचा रस्ताही बघा. फुटपाथ आहे का, दिवे आहेत का, शेअर रिक्षा मिळते का, कुत्र्यांच्या टोळ्या आहेत का. एकट्या राहणाऱ्या मुलींना घर द्यायचं असेल तर रात्री साडेनऊला बसस्टॉपपासून इमारतीपर्यंत स्वतः चालून बघा.

४. पाणी: इथे घाई करू नका

सगळ्यात जास्त फसगत पाण्यात होते, म्हणून इथे थोडं थांबते.

पुणे शहराला पाणी मुख्यतः खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या धरणांतून येतं. पूर्वेकडच्या खराडी, वडगाव शेरी पट्ट्याला भामा आसखेडचं पाणी आलं तेव्हा तिकडचा ताण हलका झाला. पिंपरी-चिंचवडची भिस्त पवना धरणावर आहे आणि तिथे नोव्हेंबर २०१९ पासून दिवसाआड पाणी सुरू झालं. पुणे महापालिकेत २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं आली. नकाशावर त्यातली बहुतेक शहरात आहेत, पण पाइपलाइन प्रत्येक गल्लीत पोचली आहे असं धरून चालू नका. हिंजवडी, माण ही तर वर्षानुवर्षं ग्रामपंचायतीची गावं, तिथली घरं विकताना मात्र शहराचा दर लावतात.

"पाण्याचा काही प्रॉब्लेम नाही" हे वाक्य प्रत्येक विकणारा म्हणतो. ते बाजूला ठेवा आणि हे करा:

- एप्रिल-मेमध्ये, संध्याकाळच्या वेळी सोसायटीच्या गेटवर अर्धा तास उभे राहा. टँकर किती येतात ते मोजा.
- वॉचमनला रजिस्टर दाखवायला सांगा. टँकरची नोंद बहुतेक ठिकाणी त्यात असते: तारीख, गाडी नंबर, वेळ. आमच्या सोसायटीच्या रजिस्टरमध्ये मे २०१९ च्या एका दिवशी अकरा टँकरची नोंद होती. घर घ्यायच्या आधी बाजूच्या तयार इमारतीत असंच रजिस्टर बघितलं असतं तर माझे पैसे वाचले असते.
- सेक्रेटरीकडे किंवा विकणाऱ्याकडे मागच्या बारा महिन्यांच्या मेंटेनन्सच्या पावत्या मागा. जानेवारीची आणि मेची शेजारी ठेवा. आमचं मेंटेनन्स २,८०० वरून उन्हाळ्यात ४,६०० वर जायचं. वरचे सगळे पैसे टँकरचे.
- महापालिकेचं नळ कनेक्शन आहे का, की नुसती बोअर? कनेक्शन असेल तर किती इंचाचं आणि किती घरांमागे?
- तळमजल्यावरच्या घरातला नळ सोडून पाण्याचा रंग, वास बघा. २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रोड, किरकटवाडी, नांदेड, धायरी या भागात जीबीएसचे (गुलेन-बॅरे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे) रुग्ण मोठ्या संख्येने सापडले, तेव्हापासून भाडेकरू पाणी किती येतं याबरोबर ते कुठून येतं हेही विचारतात.

पाण्याची खात्री नसलेल्या घराला पहिला भाडेकरू मिळतो, पण तो टिकत नाही. आणि भाडेकरू बदलला की मालकाचा एक महिना, एक दलाली आणि एक रंगकाम जातं.

५. खरं भाडं सरकारी दस्तात सापडतं

जाहिरातींतलं भाडं हे मालकाने मागितलेलं भाडं असतं. प्रत्यक्षात किती ठरलं ते शोधायला एक चांगली सोय आहे आणि ती फार कमी लोक वापरतात.

महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्सच्या, म्हणजे घर भाड्याने देण्याच्या कराराची नोंदणी सक्तीची आहे, आणि नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्चमध्ये दस्तांची सूची, म्हणजे इंडेक्स टू, विनामूल्य बघता येते. वर्ष, जिल्हा, तालुका, गाव आणि सर्व्हे नंबर टाकायचा. इथे एक अडचण येते: महापालिकेत असलं तरी जुना महसुली तालुकाच निवडावा लागतो. वाकड शोधायचं तर तालुका मुळशी, खराडी शोधायचं तर हवेली. सर्व्हे नंबर महारेराच्या (बांधकाम प्रकल्पांची नोंदणी करणाऱ्या सरकारी प्राधिकरणाच्या) नोंदीत किंवा इमारतीतल्या कोणाच्याही करारनाम्यात मिळतो.

यादीत विक्रीचे करार असतात तसे लिव्ह अँड लायसन्सचेही असतात. त्याच इमारतीतले किंवा शेजारच्या इमारतीतले मागच्या वर्षभरातले आठ-दहा दस्त उघडा आणि मजला, क्षेत्रफळ, तारीख आणि मोबदला वहीत उतरवा. विक्रीच्या दस्तांवरून शेजाऱ्याने प्रत्यक्षात किती दिले तेही कळतं, म्हणजे घासाघीस करायला हातात आकडा येतो. पेजला वेळ लागतो, कॅप्चा दोन-तीनदा टाकावा लागतो. सकाळी लवकर बसलं तर पटकन होतं.

यानंतर दोन स्थानिक एजंटांना फोन करा. एकाला मालक म्हणून सांगा, "माझा टू बीएचके द्यायचा आहे, किती येतील?" दुसऱ्याला भाडेकरू म्हणून विचारा, "टू बीएचके हवा आहे, कितीला मिळेल?" दोन उत्तरांच्या मधला आकडा आणि इंडेक्स टू मधला आकडा जवळजवळ आले तर तो खरा.

६. रिकामी घरं मोजा

रात्री साडेआठला इमारतीसमोर उभे राहून दिवे लागलेल्या खिडक्या मोजा. एका रात्रीवर जाऊ नका, दोन-तीन वेगवेगळ्या दिवशी मोजा. ताबा देऊन दोन वर्षं झालेल्या इमारतीत निम्म्या खिडक्या अंधारात असतील तर तिथे तुमच्यासारखेच गुंतवणूकवाले भरलेत, आणि भाडेकरूला निवडायला पन्नास घरं आहेत.

मग महारेराच्या संकेतस्थळावर त्याच भागातले चालू प्रकल्प काढा. प्रत्येक प्रकल्पात किती सदनिका आणि ताबा कधी, हे तिथे दिलेलं असतं. पुनावळे-ताथवडे किंवा वाघोलीसारख्या भागात एका रस्त्यावर दोन वर्षांत हजारो नवी घरं येणार असतील, तर भाडं वाढण्याची अपेक्षा सोडा. नव्या इमारतीत क्लब हाउस असतं, रंग ताजा असतो आणि मालकाला हप्त्याची घाई असते. तो तुमच्यापेक्षा दोन हजार कमी भाड्याला देऊन टाकतो. बांधायला मोकळी जागाच उरलेली नाही अशा जुन्या भागांचं बळ इथे कळतं.

७. ओढा, पूररेषा, कचरा, विमानं

२५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला आलेल्या पुराने कात्रजपासून सहकारनगर, अरण्येश्वरपर्यंत घरात पाणी शिरलं, माणसं गेली. २५ जुलै २०२४ ला सिंहगड रोडवरच्या एकतानगरीत नदीचं पाणी पार्किंगमधून वर चढलं. तेव्हा विकास आराखड्याच्या नकाशावर निळी आणि लाल पूररेषा कुठून जाते ते बघा. निळी साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. त्याच नकाशात रस्त्यासाठी किंवा इतर आरक्षण इमारतीवर किंवा शेजारी आहे का तेही दिसतं.

नकाशात न दिसणाऱ्या गोष्टी शेजारच्या किराणा दुकानदाराला विचारा. पावसात रस्त्यावर किती पाणी साचतं, मोशी किंवा उरुळी-फुरसुंगीकडचा कचरा डेपोचा वास वारा फिरला की येतो का, लोहगावकडे विमानांचा आवाज किती. दुकानदाराला घर विकायचं नसतं, तो खरं सांगतो.

८. सोसायटी भाडेकरू ठेवू देते का?

भाग उत्तम, घर उत्तम, आणि सोसायटी म्हणते "फक्त फॅमिली". तुमचा भाडेकरू विद्यार्थी किंवा बॅचलर असेल तर व्यवहार इथेच थांबवा. नियम, वाद, कायदा हे सगळं नंतर करता येतं, पण घर तोवर रिकामं राहतं. टोकन द्यायच्या आधी सेक्रेटरीला समोरासमोर भेटून विचारा: बॅचलर चालतात का, मुली चालतात का, भाडेकरूला पार्किंग मिळतं का, शिफ्टिंगचे पैसे घेता का.

भाड्याने दिलेल्या घरावर सहकारी सोसायटी ना-वापर शुल्क लावू शकते, पण ते सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त नको आणि त्या हिशेबात महापालिकेचे कर धरायचे नाहीत. १ ऑगस्ट २००१ च्या शासन आदेशाने हे ठरलेलं आहे. काही सोसायट्या दरमहा मनाला येईल तो आकडा लावतात. आदेशाची प्रत घेऊन कमिटीकडे जा. पुण्यात बऱ्याच इमारती सोसायटी नसून अपार्टमेंट असोसिएशन असतात, त्यांचा कायदा वेगळा आहे. तुमची कोणती, ते आधीच विचारून घ्या.

९. हिशेब कागदावर मांडा

समजा, तयार टू बीएचके ७५ लाखांना ठरला आणि भाडं २५,००० येणार आहे. एजंट म्हणेल चार टक्के परतावा. खरा हिशेब असा:

पुण्यात मुद्रांक शुल्क सेससह ७ टक्के, म्हणजे ५,२५,०००. सगळे खरेदीदार स्त्रिया असतील तर एक टक्का कमी. नोंदणी फी ३०,०००. पंखे, गिझर, जाळ्या, ट्रॉली, रंग यांना २ लाख धरा. एकूण गुंतले ८२,५५,०००. भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहायला योग्य असल्याचा सरकारी दाखला) मिळालेल्या घरावर जीएसटी नाही. बांधकाम चालू असेल तर तोही आला.

आता उत्पन्न. वर्षात एक महिना घर रिकामं धरा, तो धरायचाच. अकरा महिन्यांचे २,७५,०००. त्यातून मेंटेनन्स ३,५०० प्रमाणे ४२,०००, मिळकतकर १८,०००, दलाली १२,५००, दुरुस्ती १५,०००. हातात राहिले १,८७,५००. म्हणजे सव्वादोन टक्के, आणि अजून आयकर बाकी आहे.

पुणे महापालिकेच्या हद्दीत मालक स्वतः राहत असेल तर मिळकतकरात ४० टक्के सवलत मिळते. घर भाड्याने दिलं की ती जाते. विकणारा स्वतः राहत असेल आणि त्याने कराची पावती दाखवली, तर तुम्हाला तेवढा कर येणार नाही, जास्त येईल.

कर्ज काढून घेणाऱ्यांसाठी: ६० लाख, २० वर्षं, साडेआठ टक्के, तर हप्ता सुमारे ५२,००० चा. "भाड्यातून हप्ता निघतो" हे पुण्यात आज होत नाही. भाग वाढेल, किंमत वाढेल म्हणून घेत असाल तर तसं स्वतःशी स्पष्ट बोला आणि उरलेला हप्ता पगारातून झेपतो का ते बघा. आम्ही हा हिशेब केला नव्हता. २०१९ चे ते तीन महिने मुलीच्या क्लासची फी उशिरा भरली, हे अजून आठवतं.

१०. लागणारी कागदपत्रं

घर घेताना, वकिलाकडे जायच्या आधी हे जमवा:

- मूळ करारनामा आणि त्याआधीच्या सगळ्या खरेदी-विक्रीची साखळी, प्रत्येकाचा इंडेक्स टू
- सातबारा किंवा मिळकत पत्रिका
- मंजूर नकाशा, बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र, भोगवटा प्रमाणपत्र
- नवा प्रकल्प असेल तर महारेरा नोंदणी क्रमांक
- सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, थकबाकी नसल्याचा दाखला, कन्व्हेयन्स (जमिनीची मालकी सोसायटीच्या नावे होणं) झालंय का त्याची माहिती
- मिळकतकर, वीज आणि मेंटेनन्सच्या बारा महिन्यांच्या पावत्या
- घरावर कर्ज असेल तर बँकेचं पत्र, मूळ कागद कुठे आहेत त्याच्या यादीसह

भोगवटा प्रमाणपत्र नसलेली, गुंठेवारीच्या, म्हणजे परवानगीशिवाय गुंठ्यागुंठ्याने पाडून विकलेल्या जमिनीवरची स्वस्त घरं शहराच्या कडेला सर्रास विकली जातात. भाडं येतं हो, पण बँक कर्ज देत नाही आणि विकायला गेलात की गिऱ्हाईक मिळत नाही. माझं ऐकाल तर घेऊ नका.

घर भाड्याने देताना: दोघांचं आधार आणि पॅन, घराचा इंडेक्स टू किंवा वीजबिल, भाडेकरूचं नोकरीचं किंवा कॉलेजचं ओळखपत्र, दोन साक्षीदार. करार ऑनलाइन नोंदवता येतो, एजंट घरी येऊन अंगठे घेतो. २५,००० भाडं, ७५,००० डिपॉझिट आणि अकरा महिने धरले तर मुद्रांक शुल्क जेमतेम सातशे रुपये आणि शहरात नोंदणी फी एक हजार. एवढ्यासाठी कच्च्या कागदावर करार करू नका. नोंदणीची जबाबदारी कायद्याने मालकावर आहे, आणि मुदत संपल्यावर घर खाली करून घेताना नोंदवलेला करारच उपयोगी पडतो. पोलिसांकडे भाडेकरूची माहिती द्यायची, तीही ऑनलाइन होते.

मालक परदेशात राहत असेल तर भाडेकरूला भाडं देतानाच कर कापून भरावा लागतो. बरेच भाडेकरू या कटकटीमुळे घर नाकारतात. अमेरिकेतल्या भावाच्या नावावर घर घेणार असाल तर हे आधी त्याला सांगा आणि कुलमुखत्यारपत्र कोणाच्या नावे करायचं ते ठरवून ठेवा.

११. टोकन सगळ्यात शेवटी

एजंट पहिल्याच भेटीत म्हणेल, "दुसरी पार्टी तयार आहे, निदान अकरा हजार देऊन ठेवा." सोमवारची फेरी, टँकरचं रजिस्टर, इंडेक्स टू आणि सेक्रेटरीची भेट, या चार गोष्टी झाल्याशिवाय खिशात हात घालू नका. याला दोन आठवडे लागतात. तेवढ्यात घर गेलं तर जाऊ द्या, त्याच भागात महिन्याभरात दुसरं निघतं.

द्यायचंच ठरलं तर चेकने किंवा खात्यातून द्या, एजंटला नव्हे, विकणाऱ्याला, आणि साध्या कागदावर का होईना, सहीनिशी पावती घ्या. तिच्यावर हे वाक्य घालून घ्या, कर्वेनगरच्या घराच्या वेळी आम्ही घातलं होतं: "कागदपत्रांच्या तपासणीत मालकी हक्क, भोगवटा प्रमाणपत्र अथवा थकबाकी याबाबत दोष आढळल्यास सदर रक्कम सात दिवसांत पूर्ण परत केली जाईल."